विंडोजची की चालते, पण किती दिवस?
एका लेखात 'ऑनलाइन पाचशे रुपयांत विंडोजची की (म्हणजे ती सुरू करायचा 25 अक्षरी कोड) मिळते आणि चालते' असं बिनधास्त लिहिलंय. चालते हो, पण कधीपर्यंत? असा स्वस्त माल बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीने एकगठ्ठा बऱ्याच मशीनसाठी घेतलेल्या व्हॉल्यूम लायसन्समधून फुटलेला असतो. मायक्रोसॉफ्टने ती ब्लॉक केली की स्क्रीनच्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' उगवलंच म्हणून समजा. नुसती 25 अक्षरं हातात आली म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात असेंबल्ड पीसी घेताना बिलावर विंडोजची वेगळी ओळ आहे का, तेवढं बघा. ओईएम, म्हणजे नव्या पीसीबरोबर येणारं लायसन्स त्या मदरबोर्डलाच बांधलेलं असतं; रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं, मात्र जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं. (रिटेल महाग का, ते इथे कळतं.) आणि नुसती बिलं-पत्रं टाइप करणाऱ्या दुकानदाराला पैसे भरून मायक्रोसॉफ्ट ऑफिस हवंच कशाला? लिब्रेऑफिस फुकट आहे, धंद्यासाठीही चालतं आणि युनिकोड मराठी त्यात व्यवस्थित उमटतं.