ऑडिट आलं आणि माळा उतरला

माळ्यावरचं सामान अजून पॅसेजमध्येच पडलंय. रात्री पाणी प्यायला उठलो की करंगळी नेमकी जुन्या टेबलफॅनच्या लोखंडी बुडावर आपटते आणि मला त्या ऑडिटवाल्याची आठवण येते.

दोन दिवस मी तो माळा उपसत होतो. घराचं ऊर्जा ऑडिट आहे, 'माळ्यापर्यंत वाट मोकळी ठेवा' असा निरोप होता. ठरल्या दिवशी एक सालस मुलगा आला. त्याने शिडी लावली, वर डोकं घातलं, 'हं' म्हणाला आणि उतरला. वाट मोकळी म्हणजे वाट, अख्खा माळा नव्हे, हे बायकोने नंतर सांगितलं. आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं नाही. मला याच घरात राहायचंय.

बाकीच्या सूचनाही होत्या. वर्षभराची बिलं काढून ठेवा (सात सापडली, त्यातली दोन पाण्याची). खिडक्या सगळ्या बंद, आतली दारं सगळी उघडी. आणि ऑडिटच्या आधी चार तास एसी लावून ठेवा, कारण त्यांच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला आत-बाहेरच्या तापमानात निदान दहा अंशांचा फरक लागतो. म्हणजे वीज कुठे वाया जाते हे कळावं म्हणून आधी चार तास ती मनसोक्त वाया घालवायची. मी घालवली. घाम मात्र माळ्यावर गाळला, तिथे एसी पोचत नाही.

आणि मग शेजारचे काका आले. बेल वगैरे प्रकार त्यांना मान्य नाही. 'ऑडिट' एवढाच शब्द त्यांच्या कानावर गेला होता. आत येऊन त्यांनी दार लावून घेतलं आणि त्या मुलाला खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, मी यांना बरीच वर्षं ओळखतो. यांच्याकडे काहीही सापडणार नाही."

त्याने हातातला कॅमेरा दाखवून खुलासा केला. यात उष्णता दिसते, गरम ते लाल-पिवळं, गार ते निळं.

"म्हणजे एक्स-रे."

"नाही काका, आतलं नाही दिसत. वरवरची उष्णता."

"चालेल. हा डावा गुडघा बघा जरा."

मुलगा सालस होता, हे मी आधीच सांगितलंय. त्याने कॅमेरा काकांकडे वळवला. पडद्यावर काका पिवळेधमक, नाक निळं आणि डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल.

"नाक निळं का? हार्टचं काही आहे का?"

"नाही हो, नाक गारच असतं."

"आणि गॉगल कुणाचा?"

"तो तुमचाच चष्मा. हे किरण काचेच्या आरपार जात नाहीत. कॅमेऱ्याला काचेमागचं दिसत नाही."

"एवढं महागाचं यंत्र आणि त्याला काचेतून दिसत नाही? मला दिसतं!" काकांनी पडद्याचा फोटो काढून घेतला. गुडघे दोन्ही सारखेच नारिंगी निघाले. "दुखतो डावा," काका म्हणाले, "यंत्रात दोष आहे."

तेवढ्यात कॅमेरा फिरत फिरत सोफ्यावर आला. सोफा थंड निळा आणि मधोमध एक रुंद तांबडा डाग. काकांनी वाकून तिथे तळहात ठेवला. "गरम आहे. आत्ताच कुणीतरी उठलंय." बायकोने माझ्याकडे पाहिलं. बेडरूमचे पडदे काढतोय असं सांगून मी अर्धा तास कुठे होतो, याचा रंगीत पुरावा भिंतीएवढ्या शांततेत सगळ्यांसमोर होता. असा डाग काही मिनिटांत विरतो म्हणे. आमच्याकडे तो अजून विरलेला नाही.

मग मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवला. हा पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, आतला दाब बाहेरपेक्षा 50 पास्कलने उतरतो आणि मग बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. स्विचबोर्डातून वारा येत होता. सिंकखालच्या पाइपाभोवतीच्या भोकातून येत होता. खिडकीच्या चौकटीत तर शिट्टी वाजत होती. दाबाच्या फरकाचा आकडा स्थिरावतोय तोच धाडकन कोसळला. काका बाल्कनीचं दार उघडून उभे होते. "इथून सगळ्यात जास्त येतोय," ते म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून.

अहवाल काल आला. छत उघड्यावर, खिडक्या एकेरी काचेच्या, चौकटींना फटी. बरोबर आहे सगळं. पण शिफारशींत पहिलं काय, तर 'रहिवाशांच्या सवयींत सुधारणेस वाव'. सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू असतो, हे कबूल. दहा वॅट धरले तरी वर्षाला 87.6 युनिट होतात, मीच गुणाकार करून पाहिला आणि गप्प बसलो. फ्रिजच्या दारात धरलेला कागद अलगद निसटला, म्हणजे रबर गेलंय, तेही कबूल. पण दिवसभर तापणारा स्लॅब मी ओतला का? चौकटी भिंतीला न टेकवता मी बसवल्या का? ज्याने बांधलं तो किल्ल्या देऊन मोकळा झाला, आणि सवयी सुधारायच्या मी. एसी सव्वीसवर ठेवायचा, पंखा लावायचा आणि वरून स्लॅब रात्रभर धगधगणार. तो मुलगा हे सगळं ऐकून पुन्हा 'हं' म्हणाला असता.

आज सकाळी काका आले. हातात कागदाची पट्टी. फ्रिज, कपाट, बूटांचा रॅक, सगळ्यांच्या दारात ती धरून, ओढून झाली. मग म्हणाले, त्यांनीही ऑडिट बोलावलंय, रविवारी.

"शनिवारी येताय ना? आमचा माळा उतरवायचाय. तुम्हाला अनुभव आहे."