वाटीवर फुंकर मारणारे कोणी आहे का?

प्रवासाला निघताना घराची किल्ली शेजारी निर्धास्तपणे सोपवता येते. जेमतेम ९० ग्रॅम वजनाचा कॉकटिएल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पाळीव पोपट, सोपवताना मात्र जिवाची घालमेल होते. किल्लीला रोज ताजे पाणी लागत नाही आणि ती अंधारात दचकून पिंजऱ्याच्या गजांवर आपटतही नाही.

ओळखीत प्राणिप्रेमी पुष्कळ आहेत, परंतु त्यांचे प्रेम बहुतेक चार पायांच्या प्राण्यांपुरतेच असते. ‘पक्षीच तर आहे, वाटी रिकामी झाली की भरू,’ असे म्हणणाऱ्या उमेदवाराला मी तेथल्या तेथे बाद करतो, कारण ती वाटी रिकामी कधीच दिसत नाही. कॉकटिएल दाणा सोलून खातो आणि फोलपट पुन्हा त्याच वाटीत टाकतो. त्यामुळे संध्याकाळीही ती सकाळइतकीच भरलेली दिसते, वरवर पाहणारा ‘फारच कमी खातो हो तुमचा’ असे कौतुकाने कळवतो, आणि पक्षी भरल्या वाटीसमोर उपाशी बसतो. एवढ्याशा जिवाला एका दिवसाचा उपासही महागात पडू शकतो. म्हणून मी फोलपटांची वाटी उमेदवारासमोर ठेवतो आणि तो तिच्यावर फुंकर मारतो का, एवढेच पाहतो. एका सद्गृहस्थांनी तिच्यात वरून आणखी दाणे ओतले. दुसऱ्यांनी दुरूनच पाहून अंगठा वर केला.

त्यानंतर सूचनांचा कागद. नॉनस्टिक भांडे फार तापले की त्यातून निघणारा वायू पक्ष्याचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो, ॲव्होकाडो आणि चॉकलेट विषारी, पंखा चालू असताना पिंजऱ्याचे दार उघडायचे नाही, रात्री मंद दिवा ठेवायचा, असे लिहिता लिहिता कागद पाठपोट भरतो आणि वाचणाऱ्याचा उत्साह ओळीगणिक ओसरत जातो. (पक्षी आपले दुखणे लपवतो, तेव्हा त्याची शीट रोज न्याहाळावी, हे कलम मी धोरणीपणाने शेवटी घातले आहे.)

अखेर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कोणी न सांगता फुंकर मारली. फोलपटे माझ्या चष्म्यावर उडाली आणि मनातल्या मनात मी त्यांची नेमणूक करून टाकली. परंतु मग त्यांनीच माझी उलटतपासणी सुरू केली. याचे नेहमीचे वजन किती, पक्ष्यांचे डॉक्टर कोण, ते रात्री फोन उचलतात का? ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, तो माझ्याकडे पाठ करून त्यांच्या बांगड्या निरखत होता.

प्रवासात काकूंचा अहवाल रोज सकाळी न चुकता येई: काट्यावर उभ्या पक्ष्याचे एक छायाचित्र आणि शिटेचे एक, अगदी जवळून घेतलेले. हॉटेलात न्याहारीच्या वेळी ते मोठे करून ‘पांढरा भाग पांढराच आहे, हिरवाही उत्तम’ असे मी घरच्यांना समाधानाने सांगितले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने आपापल्या बशा उचलून थेट खिडकीजवळची जागा गाठली.