एका पिस्तुलाच्या परमिटसाठी अकरा आठवडे

अकरा आठवडे झाले आज. इथल्या, न्यू जर्सीच्या, कायद्यात अर्जाला तीस दिवस लिहिलेत. तीस! म्हणून सकाळी पोलीस स्टेशनला फोन केला, तर तिथल्या बाई गोड आवाजात म्हणतात, तुमच्या एका रेफरन्सचं उत्तर आलेलं नाही. अहो, मग हे अकरा आठवड्यांत एकदा तरी सांगायचं की नाही? मी फोन केला नसता तर दिवाळीपर्यंत अर्ज तसाच पडून राहिला असता.

रेफरन्स म्हणजे माझ्याबद्दल ग्वाही देणारी माझी मैत्रीण, इथे एडिसनलाच राहते. तिला आलेली चौकशीची ईमेल गेली स्पॅममध्ये. शोधून काढली आणि मलाच फोन. "अगं, हे काय काय विचारतायत! तू दारू पितेस का, डोकं ठिकाणावर आहे का... मी काय लिहू?" म्हटलं, लिही बाई, ठिकाणावर होतं, या अर्जाने फिरलं.

आणि हे माझं पहिलं पिस्तूल नव्हे. एक नऊ एमएमचं आहे माझ्याकडे, २०१७ पासून. बोटांचे ठसे देऊन झालेत, बंदूक-खरेदीचं ओळखपत्र आहे, आजवर साधं पार्किंगचं तिकीटही नाही. पण न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलाला नवं परमिट. महिन्याला एकच घ्यायचं. परमिट मिळालं की नव्वद दिवसांत घ्यायचं, नाहीतर मुदत वाढवून मागत बसा. पूर्वी त्या परमिटला दोन डॉलर पडायचे, आता पंचवीस. पैशांचं दुखणं नाही हो, पण पंचवीस घेता तर निदान फोन तरी उचला.

पलीकडे डेलावेअर नदी. ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. नेमबाजीच्या रेंजवर आमच्यासोबत तिकडचा एक जण येतो, तो सांगतो : दुकानात गेलो, फॉर्म भरला, तपासणी झाली, त्याच दिवशी पिस्तूल घेऊन घरी. मला तिथून आणता येत नाही, कारण पिस्तूल आपल्याच राज्यात घ्यायचं हा केंद्राचा नियम. आणि उलटं? २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची दोन मुलांची आई, रीतसर पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेली, गाडीने इकडे आली. पोलिसांनी रस्त्यात थांबवलं, तिनेच आपणहून सांगितलं की गाडीत पिस्तूल आहे. झालं, अटक. तुरुंगाची टांगती तलवार दीड वर्ष डोक्यावर, शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली तेव्हा सुटली. खरं बोलल्याचं बक्षीस!

"तुला बंदूक लागते कशाला?" हा प्रश्न मला आमच्या मंडळात गणपतीला, दिवाळीला, हळदीकुंकवाला, सगळीकडे ऐकावा लागतो. एकेकाला उत्तर देऊन कंटाळले. मी कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू रायफल खांद्याला लावून पालथी पडले तेव्हापासून हे वेड आहे. जिथली तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे, तिथल्या बाईला हे विचारता? आणि दुसरं कारण घरातलं. सोन्यासाठी भारतीयांची घरं हेरून लुटणाऱ्या टोळ्या याच राज्यात पकडल्या गेल्यात. नवरा महिन्यातून दहा दिवस फिरतीवर. आमच्या घराला मागून काचेचं दार आहे. पुढचं तुम्हीच समजा.

एच-वन-बी व्हिसावर बंदूक घेता येत नाही (शिकारीच्या लायसनची पळवाट सोडा). म्हणजे आधी ग्रीन कार्डाची रांग, आणि भारतीयांची ती रांग किती लांब असते ते काय सांगायचं. रांगेत उभं राहायची सवय आहे म्हणा आम्हाला. तरीसुद्धा.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण खरा संताप तिथे आहे. दुसरं पिस्तूल मला हवं होतं ते स्मार्ट. माझ्याच हातात चालेल, दुसऱ्या कुणी उचललं तर नुसतं लोखंड. घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे, त्याचे मित्र येतात-जातात. सध्याचं पिस्तूल तिजोरीत. ती उघडते माझ्या बोटाच्या ठशावर. परवा कणीक मळता मळता मागच्या दारी खडखड झालं. हात नळाखाली धरले, पुसले, तिजोरीवर बोट ठेवलं. लाल दिवा. पुन्हा ठेवलं. लाल. नखाशी कणीक चिकटलेली, बोट ओलं, छातीत धडधड. चौथ्यांदा उघडली. दारात रॅकून होता. कचऱ्याचा डबा पाडून निवांत खात बसलेला. त्या रात्री झोप नाही. म्हणून म्हटलं, पिस्तूलच आपल्याला ओळखणारं असेल तर बघावं. ठसा नाही चालला तर चेहरा ओळखणारं आता निघालंय, कोलोराडोतल्या बायोफायर कंपनीचं. २०२३ मध्ये जाहीर केलं तेव्हा किंमत सांगितली होती १,४९९ डॉलर. पिस्तूलही ओल्या बोटाला लाल दिवाच दाखवणार नाही कशावरून? मान्य. पण बघू तर द्या! चार दुकानांत विचारलं. एक जण हसला, दोघे नाही म्हणाले, चौथा हळूच म्हणाला, "बाई, इथे त्याचं नाव काढू नका."

का काढायचं नाही? कारण २००२. त्या वर्षी आमच्या राज्याने कायदा केला : अमेरिकेत कुठेही, अगदी कुठेही, असं पिस्तूल विक्रीला आलं की तीन वर्षांनी न्यू जर्सीत फक्त तसलीच पिस्तुलं विकायची. बाकी बंद. वस्तू बाजारात यायच्या आधी तिची सक्ती! बाळाचा पत्ता नाही आणि शाळेची फी भरा. आणि पोलिसांना? त्यांना सूट. इतकी भरवशाची आहे तर आधी त्यांच्या कमरेला लावा की. याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

परिणाम काय झाला? २०१४ मध्ये आर्माटिक्स नावाच्या जर्मन कंपनीचं पिस्तूल आलं. पॉइंट टू टूचंच, सोबत एक घड्याळ. घड्याळ मनगटावर असेल तरच गोळी सुटणार. मेरीलँडमधल्या एका दुकानदाराने ते विकायची तयारी दाखवली आणि त्याला जिवे मारायच्या धमक्या आल्या. कुणाकडून? बंदूकवाल्यांकडूनच! कारण त्याने एक नग विकला की न्यू जर्सीत तीन वर्षांचं घड्याळ सुरू. त्याने त्याच दिवशी माघार घेतली. कॅलिफोर्नियातल्या ओक ट्री गन क्लबचीही तीच गत, आधी मांडलं, मग म्हणे आम्ही मांडलंच नव्हतं. (आमच्या एडिसनच्या ओक ट्री रोडचा याच्याशी काही संबंध नाही, तिथे फक्त वडापाव आणि पार्किंगवरून भांडणं.)

बरं, ते घड्याळवालं पिस्तूल तरी धड होतं का? २०१७ मध्ये एका हॅकरने पंधरा डॉलरची लोहचुंबकं बाजूला लावून ते घड्याळाशिवाय उडवून दाखवलं. पंधरा डॉलर! फ्रिजवरच्या चुंबकाने हरणाऱ्या वस्तूसाठी आख्ख्या राज्याचा बाजार बंद करायला निघाले होते.

रेंजवर यावरून परवा माझी जुंपली. एक आजोबा आहेत, व्हिएतनाम युद्धाला जाऊन आलेले, मला लेकीसारखं वागवतात. ते म्हणाले, स्मार्ट गन म्हणजे सापळा, आज तुला आवडतेय, उद्या तीच तेवढी ठेवतील. म्हटलं, काका, कायदा सापळा होता, कबूल. पण धमक्या देणारे कोण होते? तुमचेच ना? एकीकडे म्हणायचं सरकारने आम्ही काय घ्यावं ते ठरवू नये, आणि दुसरीकडे मी काय घ्यावं ते तुम्ही ठरवणार? दुकानदाराने काय मांडावं ते तुम्ही ठरवणार? काका गप्प बसून मॅगझिन भरत राहिले. दहा गोळ्यांचीच, अर्थात. पूर्वी पंधराची चालायची, २०१८ मध्ये दहावर आणली. मीसुद्धा माझ्या दोन्ही मॅगझिनमध्ये जास्त गोळ्या बसू नयेत म्हणून पिना ठोकून घेतल्या, स्वतःच्या खर्चाने.

२०१९ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी ती सक्ती काढली. आता नियम असा की राज्याच्या कमिशनने यादी मंजूर केली की तिच्यातलं एक तरी स्मार्ट पिस्तूल प्रत्येक दुकानाने ठेवायचं. सतरा वर्षं लागली हे कळायला. पण तोवर या दोन्ही बाजूंनी मिळून त्या वस्तूचं नाव असं नासवलंय की दुकानदार अजून कुजबुजतो.

आणि ती तीस दिवसांची मुदत. २०१५ मध्ये दक्षिण जर्सीतल्या एका बाईने एप्रिलमध्ये परमिटचा अर्ज केला होता. आधीच्या मित्रापासून जिवाला धोका, कोर्टाचा मनाई हुकूम हातात, घराला कॅमेरे लावलेले. तीस दिवस उलटून गेले, परमिट आलं नाही. जूनमध्ये त्याने तिला तिच्याच घरासमोर भोसकून मारलं. पिस्तूल असतं तर वाचली असती का, कोण सांगणार. पण तिने नियम पाळला होता आणि पोलिसांनी पाळला नव्हता. फोनवर "प्रोसेसमध्ये आहे" ऐकलं की मला दर वेळी तीच आठवते.

खंडेनवमीला मी पिस्तूल रिकामं करून पाटावर ठेवते, विळी, कात्री आणि नवऱ्याचा ड्रिल असतो शेजारी, सगळ्यांना झेंडूचं फूल. यंदा पाटावर दोन असतील असं वाटलं होतं. मैत्रिणीने आत्ता मेसेज केलाय, फॉर्म पाठवला म्हणून. खाली विचारलंय, "दारूच्या प्रश्नाला 'कधीकधी वाइन' लिहिलं, चालेल ना?"

सोमवारी पुन्हा फोन करते.