वाटता येत नाही तर कॅटाला हात लावू नका

राजेहो, पोळ्याच्या करीला पारावर सतरंजी पडते, पत्ते निघतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोबाईलवर बघून शिकलेली पोरं आता तीनपत्ती सोडून पोकर मांडतात आणि पत्ते वाटायची अक्कल एकालाही नसते. चिंचोके लावून खेळा बाप्पा, पैसे लावाल तर 1887 चा जुगार कायदा अजून जिवंत आहे. पण चिंचोक्याचा डाव झाला म्हणून काय वाटेल तसं वाटायचं?

पिसण्यापासूनच बोंब. कॅट हातात धरायचा, वरचे गठ्ठे चार वेळा खाली टाकायचे, झालं म्हणे पिसून! अरे, त्यानं पत्ते मिसळत नाहीत, गठ्ठ्यांच्या जागा बदलतात. आधी रमी झाली असेल तर किलवरची पंजी-छक्की-सत्ती लागलेली तशीच एकमेकांना चिकटून पुढच्या डावात येते, आणि मग "याचंच नशीब कसं उघडते बे" म्हणून भांडणं. कॅटाचे दोन भाग करून पत्ते एकमेकांत घुसवत पिसायला पाहिजे. बायर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवून दिलं की 52 पत्ते नीट मिसळायला अशा साधारण सात फेऱ्या लागतात. सात जमत नसतील तर निदान पत्ते सतरंजीवर पालथे पसरून दोन्ही हातांनी घोळा, दोनदा घुसवा, एकदा वरखाली करा, परत एकदा घुसवा. आणि हे सगळं खाली, सतरंजीला लागून. छातीपर्यंत कॅट उचलून पिसणाऱ्याचा तळाचा पत्ता समोरच्याला फुकटात दिसतो.

मग काटणं. कॅट पुढं केला की उजवीकडचा गडी नुसती टिचकी मारतो, "चालू कर". टिचकी म्हणजे काटणं नव्हे! उचल, बाजूला ठेव, दोन्ही भागांत किमान पाच-पाच पत्ते राहू दे. पोकरमध्ये जोकर लागत नाही, तो तळाला लावा म्हणजे शेवटचा पत्ता झाकला जातो.

वाटताना डावीकडून सुरुवात, एकेक पत्ता, दोन फेऱ्या. घाई झाल्यासारखे दोन-दोन एकदम फेकू नका, नाही तर न मिसळलेली जोडी सरळ एकाच्याच हातात जाते. पत्ता उचलून नाही, सतरंजीवरून सरकवून द्यायचा.

सगळ्यात डोकं फिरतं ते बाजूला ठेवायच्या पत्त्यावर. सगळ्यांसाठी मधोमध पाच पत्ते उघडतात: आधी तीन, तो फ्लॉप; मग चौथा, तो टर्न; मग पाचवा, तो रिव्हर. फ्लॉपचे तीन उघडण्याआधी एक पालथा बाजूला, टर्नआधी एक, रिव्हरआधी एक. "कायले पत्ता वाया घालवतं बे?" हा प्रश्न दरवर्षी. दहा जण बसले तरी हातात 20, उघडे 5, बाजूला 3, म्हणजे 28 झाले; 24 उरतातच की! बोली चालू असताना वरचा पत्ता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून असतो, म्हणून तो बाद करायचा. आणि आपल्याकडे तर जास्तच गरज. तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा घोटलेली बोटं, वर थुंकी लावून वाटायची सवय, त्यात पावसाळी ओलीत फुगलेले कागदी पत्ते. इस्पिकच्या एक्क्याच्या पाठीवर कोपऱ्यात चुन्याचा अंगठा उमटला की तिसऱ्या डावापासून तो पत्ता अख्ख्या पाराच्या ओळखीचा. हात धुवा, नाही तर प्लास्टिकचा कॅट आणा, तो पुसता तरी येतो.

पत्ता उघडा पडला की मात्र ग्रामसभा भरते. एक म्हणतो परत खुपस, दुसरा म्हणतो पुढचा दे. पुढचा दिला की त्यानंतरच्या प्रत्येकाचा पत्ता सरकला, हे कळत नाही का? कॅटावरून निघालेल्या पहिल्या दोनपैकी एक उघडा पडला, किंवा कुठलेही दोन पडले, तर डाव मोडा आणि नव्यानं पिसा. बाकीच्यांतला एकच पडला तर हात थांबवू नका. वाटप पुरं करा, त्या गड्याला वरचा पत्ता द्या आणि उघडा पडलेला पत्ता फ्लॉपआधी बाजूला ठेवायचा पत्ता म्हणून वापरा. आणि दोघांनी चिंचोके लावल्यावर "वाटप चुकलं" ओरडायचं नाही. हातात रद्दी आली म्हणूनच चूक आठवते काही लोकांना!

फ्लॉपला घाईत चार उघडले? चारही पालथे करून घोळा, न बघता एक उचला, तो टर्नआधीचा बाजूचा पत्ता. उरलेले तीन फ्लॉप. इतकं सोपं आहे, तरी यावरून गचांड्या धरतात.

आणि दुसऱ्यांनी टाकलेले पत्ते उलटून बघत "हॅट, राणी टाकली यानं" म्हणणारा वाटप्या! अजून तिघं खेळताहेत लेका! त्याच्या हातून कॅट काढा आणि त्याला चहा सांगायला टपरीवर पाठवा.