खुडूक कोंबडी कोंडून ठेवू नका

‘रवणीवरची (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी एकदा जरी उठली तरी अंडी गार पडून पिल्लं आत मरतात, म्हणून २१ दिवस तिला डालग्याखाली (बांबूच्या टोपलीखाली) कोंडा’ असा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

अशी खुडूक कोंबडी दिवसातून एक-दोनदा स्वतःच उठते. दाणे टिपते, पाणी पिते, मातीत अंग घोळते आणि साधारण १५-२० मिनिटांत परत येते. तेवढ्यात अंड्याचं कवच गार लागलं तरी आतली ऊब लगेच जात नाही. शिवाय ती विष्ठा रोखून धरते आणि उठल्यावर एकदमच टाकते; तो भलामोठा, उग्र वासाचा गोळा पाळणाऱ्यांनी पाहिलेला असतोच. कोंडल्यावर हीच घाण अंड्यांवर पडते, कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरतात आणि अंडी सडतात. उपाशी कोंबडी वाळते ती वेगळीच.

मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. रात्री मुंगूस-मांजराच्या भीतीने डालगं झाकावंच. दिवसा मात्र उघडा, जवळ कणी आणि पाणी ठेवा. दुसऱ्या कोंबड्या त्याच जागी अंडी घालतात, म्हणून बसवलेल्या अंड्यांवर पेन्सिलने खूण करा. तासभर उलटूनही ती परतली नाही, तर बहुधा चुकीच्या खोपट्यात बसलेली सापडेल. उचलून जागेवर आणा. शेवटचे तीन दिवस ती फारशी उठत नाही, तेव्हा उगाच हात घालू नका.

तो मेसेज आला तर पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्यालाही हे कळवा.