दुकानमालकाचं उत्तर: माशांचा चार फुटी टँक आणि लोखंडी स्टँड

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. स्टँड चार दिवस उशिरा आला, टँक तिरका दिसतो, आणि टीव्ही युनिटवर काम भागत असताना आम्ही ‘महागडा लोखंडी सांगाडा गळ्यात मारला’, असं तुम्ही लिहिलंय. उशिराबद्दल मनापासून माफी मागतो. दसऱ्याच्या तोंडावर अंबडला पावडर कोटिंगवाल्याकडे कामं तुंबली होती आणि निघालेला टेम्पो द्वारका चौकात अडकला. पण पाहुणे यायच्या आत टँक लागणार हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तुमचा राग मला समजतो.

गळ्यात मारल्याचं मात्र मनाला फार लागलं. त्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून उद्या आणखी कुणी टीव्ही युनिटवर टँक ठेवायला जाईल.

तुम्ही पसंत केलेला टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरला तर त्यात २५५ लिटर पाणी बसतं, म्हणजे पाणीच २५५ किलो. १० एमएमची काच पन्नासेक किलो. वाळू आणि तुम्ही हौसेने निवडलेले ते काळे दगड धरले की सव्वातीनशेच्या पुढे. पाच मोठी माणसं त्या युनिटवर रात्रंदिवस बसून राहावीत तसं हे वजन आहे. तुम्ही मोबाइलवर फोटो दाखवलात ते युनिट पार्टिकल बोर्डचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं होतं, त्यावर ठेवायचा टीव्ही फार तर पंधरा-वीस किलोचा.

असं युनिट पहिल्या दिवशी मोडत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पाणी बदलताना, फिल्टर धुवायला काढताना थोडं पाणी सांडतंच. ते कडेच्या पट्टीतून आत शिरलं की भुसा फुगतो, स्क्रूची पकड सुटते आणि मधली फळी हळूहळू खाली बसते. फळी वाकते, काच वाकत नाही. सगळा ताण तळाच्या काचेवर आणि सिलिकॉनच्या जोडावर येतो. मग जोड तरी सुटतो, नाही तर काच तडकते, आणि अडीचशे लिटर पाणी हॉलमध्ये. फुटलेले टँक माझ्याकडे दुरुस्तीला येतात सर, म्हणून मी त्या दिवशी ‘युनिटवर ठेवणार असाल तर टँकच नेऊ नका’ असं म्हणालो. माल विकायची घाई असती तर असं बोललो असतो का?

आता किंमत. ऑनलाइन साडेतीन हजारांत मिळणारा स्टँड आम्ही साडेसात हजारांना दिला, हे खरं आहे. पण तुमच्या त्या लिंकवरचा स्टँड एक इंची पातळ पाइपचा, नटबोल्टने जोडायचा, आणि तो किती किलो पेलतो हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेही मी तुम्हाला तिथेच दाखवलं होतं. आपला स्टँड दीड इंची चौकोनी पाइपचा आहे, २ एमएम जाडीचा, प्रत्येक सांधा वेल्डिंगचा. मागच्या बाजूची तिरकी पट्टी ‘उगाच’ वाटते असं तुम्ही लिहिलंत. उभं वजन चार पाय पेलतात हो, पण आडवा धक्का ते एकटे पेलू शकत नाहीत. घरात लहान मूल आहे, ते टेकणार, फरशी पुसताना धक्का लागणार. तेव्हा सांगाड्याचा चौकोन कलू नये म्हणून ती पट्टी असते. वर १८ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय आणि त्यावर थर्माकोल. लोखंड, वेल्डिंग, कोटिंग, प्लाय, टेम्पो आणि जिना चढवायला दोन माणसं वजा केली की माझ्या हातात हजार रुपयेही उरत नाहीत. बिलं दुकानात आहेत, कधीही येऊन बघा.

तिरकेपणाचंही सांगतो. आमच्या मुलांनी टँक आतल्या भिंतीलगत बीमवर घेतला होता. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात, त्यामुळे एवढं वजन कुठे ठेवायचं हे बघावं लागतं. पाणसळ लावून, पायांचे बोल्ट फिरवून लेव्हल करून दिली होती. रिव्ह्यूतल्या फोटोत टँक बाल्कनीच्या दाराशी दिसतोय, म्हणजे नंतर हलवलेला आहे. तिथे फरशीला उतार असू शकतो. जागा बदलायची होती तर एक फोन करायचा होता सर, आम्ही आलो असतो.

त्याच फोटोत टँकच्या डाव्या कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली दिसते. त्याने मला रिव्ह्यूपेक्षा जास्त काळजी लागली आहे. उंची कमी-जास्त करायची ती स्टँडच्या पायाखाली, टँकच्या काचेखाली कधीच नाही. एका कोपऱ्यावर टेकलेल्या काचेला पीळ बसतो. पण भरलेला टँक उचलून पुठ्ठा ओढू नका. मासे बादलीत काढा, एअर पंपची नळी त्यातच सोडा, टँकमधलं पाणी ड्रममध्ये जपून ठेवा, फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात भिजत राहू द्या. टँक रिकामा केल्यावरच हात लावा.

डिलिव्हरीच्या तारखांचं आम्ही यापुढे बघतोच, लेव्हलबद्दल गिऱ्हाइकाला नीट सांगायचंही. रविवारी सकाळी मी स्वतः मुलांना घेऊन येतो, टँक मूळ जागी बसवून देतो, पैसे लागणार नाहीत. बिलावरच्या नंबरवर फक्त वेळ कळवा, आणि जमलं तर आजच पाणी निम्म्यावर आणून ठेवा.