दुसऱ्याचा आवडता पिक्चर बघायला जाताय? मग एवढं कराच

मागच्या रविवारी आमच्या गच्चीवर पिक्चर लावला होता. द फिफ्थ एलिमेंट, १९९७ चा, माझा आजवर किती वेळा बघून झालाय ते बायकोला विचारा, तिच्याकडे हिशेब आहे. चादर बांधली, प्रोजेक्टर एका मित्राकडून मागून आणला, सतरंज्या टाकल्या, थंडी म्हणून शाली काढल्या, गराडूच्या कंदाचे काप तळायला ठेवले, आणि साडूभाऊंना सहकुटुंब बोलावलं. तिथंच चुकलं.

पण वाईटातूनही काही शिकायला मिळतं म्हणतात. साडूभाऊंकडे बघून मला कळलं की दुसऱ्याच्या आवडीचा पिक्चर बघणं ही कला आहे, आणि आपल्या इंदुरात ती घराघरात आहे. तरीसुद्धा काही बिचारे अजून वेळेवर जातात, गप्प बसतात आणि चक्क पडद्याकडे बघतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवतोय.

पहिलं म्हणजे उशिरा जा. साडेसातला बोलावलंय ना, मग आठला घरून निघा, आणि पलासियाला जाम होता म्हणून सांगा, तो काय रोजच असतो. पोचल्यावर चपला काढता काढता विचारायचं, "कुठवर आलं? थोडक्यात सांग ना भिया." आता हे थोडक्यात कसं सांगायचं? १९१४ साल, इजिप्तमधलं देऊळ, पितळी कासवासारखे दिसणारे परग्रहावरचे लोक येतात आणि चार दगड घेऊन जातात, दर ५००० वर्षांनी एक महासंकट येतं, मग एकदम ३०० वर्षं पुढे. मी हे सगळं सांगेपर्यंत पडद्यावर ती हिरोइन लीलू बिल्डिंगच्या कठड्यावरून उडी मारून हिरोच्या, म्हणजे ब्रूस विलिसच्या, उडत्या टॅक्सीचं छप्पर फोडून आत पडली, पोलीस मागे लागले, अख्खा पाठलाग संपला. साडूभाऊ म्हणाले, "हां, म्हणजे तसं विशेष काही झालेलं नाही अजून."

जेवून जाऊ नका. उपाशीच जा.

कपड्यांवर बोलाच. लीलू त्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये दिसली की "ही काय हॉस्पिटलमधून पळून आली का?" हे वाक्य म्हणायचंच म्हणायचं. आणि गंमत अशी की साडूभाऊ अगदी बरोबर बोलले होते! एका उरलेल्या हातापासून तिला लॅबमध्ये नव्यानं बनवतात आणि तिथूनच ती पळते. पण तो भाग तुम्ही जामात अडकलेले असताना होऊन गेला ना. ते कपडे जाँ-पॉल गोतिए नावाच्या फ्रेंच डिझायनरचे, त्यानं या एका पिक्चरसाठी ९०० च्या वर ड्रेस केले, एअर होस्टेसपासून मागच्या गर्दीतल्या माणसापर्यंत. हे मी सांगितलं. त्यावर "आणि हिरोइनच्या वेळेला कापड संपलं?" खालच्या मजल्यावरचे भिया खो खो हसले. हसा.

क्रिस टकर आला, तो रेडिओवाला रूबी रॉड, बिबट्याच्या ठिपक्यांचा घट्ट ड्रेस आणि डोक्यावर कपाळापुढं आलेला केसांचा पाइप, की लगेच "हा बाई आहे का बुवा?" विचारायचं. दर सीनला विचारायचं. उत्तर मिळालं तरी विचारायचं.

"ग्राफिक्स जुने वाटतात ना" हे वाक्यही पाठ करून ठेवा, कुठंही चालतं. १९९७ सालचा पिक्चर १९९७ सालचा दिसतो ही केवढी मोठी तक्रार! ते उभंच्या उभं न्यूयॉर्क, खाली धुकं आणि वर गाड्यांचे मजल्यावर मजले, त्यातल्या कितीतरी बिल्डिंगी माणसांनी हातानं बनवलेली मॉडेल्स आहेत, कॉम्प्युटर नंतर आला. जवळपास ९ कोटी डॉलर लागले होते, त्या काळी युरोपातला सगळ्यात महागडा पिक्चर हाच. आणि टॅक्सीची तर गोष्टच वेगळी आहे. पहिल्या स्क्रिप्टमध्ये हिरो कारखान्यात काम करणारा होता. मग मेझिएर नावाचे कॉमिक्सवाले चित्रकार या कामावर आले, त्यांच्या चित्रांत उडत्या टॅक्स्या होत्या, त्या बघून डायरेक्टर ल्युक बेसाँनं हिरोची नोकरीच बदलून टाकली. एका चित्रावरून! मला हे सांगायला फार आवडतं. सांगत होतो. साडूभाऊ मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होते आणि त्या उजेडात त्यांचं तोंड चादरीपेक्षा जास्त चमकत होतं.

सबटायटल का येत नाहीत, हेही विचारा. लीलू तिची स्वतःची भाषा बोलते, बेसाँनं त्यासाठी ४०० च्या आसपास शब्द बनवले होते, आणि आपल्याला ती कळू नये हीच तर मजा आहे, टॅक्सीवाल्यालाही कळत नाही. हे समजावून झाल्यावर थोडं थांबायचं आणि म्हणायचं, "पण हिंदीत असेल ना कुठंतरी?"

मध्येच उठा. प्रोजेक्टरच्या समोरून जा. सावली पडली की "सॉरी सॉरी" म्हणत तिथंच उभे राहा.

व्हिलनबद्दल मात्र काही बोलू नका, कारण तुम्हाला तो कळलेलाच नसतो. गॅरी ओल्डमन, अर्ध्या डोक्यावर प्लास्टिकची काचेरी टोपी, एक पाय लंगडा, जग विकायला काढलेला माणूस, आणि चेरी घशात अडकून मरायला टेकतो. अख्ख्या पिक्चरमध्ये हिरो आणि व्हिलन एकमेकांना भेटतच नाहीत, माहितेय? एकदाही नाही. एक लिफ्टमधून जातो, दुसरा शेजारच्या लिफ्टमधून येतो, संपलं. असा पिक्चर दुसरा दाखवा मला. मी हे शेवटी सांगायचं म्हणून राखून ठेवलं होतं. शेवटापर्यंत ऐकायला उरलं कोण, ते पुढे येईलच.

आता मुख्य गोष्ट. नीट वाचा, कारण पिक्चरची वाट लावायची असेल तर बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे.

आधी थोडं मागचं सांगतो. हा पिक्चर मी पहिल्यांदा कॉलेजात असताना व्हीसीडीवर बघितला. रामबागेजवळ एक लायब्ररी होती, वीस रुपये भाडं, दोन डिस्कची जोडी, दुसरी डिस्क कुणीतरी जमिनीवर घासल्यासारखी. त्या दुसऱ्या डिस्कवर ते गाणं आहे. अंतराळातलं जहाज, त्यात ऑपेराचं थिएटर, आणि स्टेजवर ती निळी गायिका, डीव्हा, डोक्यावरून खाली लोंबणारे ते लांब लांब नळे, मागे मोठ्या खिडक्यांतून निळा ग्रह. ती तोंड उघडते. पहिले दोन सूर आले आणि चित्राचे चौकोन झाले. हिरवे, गुलाबी चौकोन, मग करकर, मग एकदम हाणामारी संपलेली. डिस्क काढली, बनियनला पुसली, परत लावली, परत चौकोन. मग एका मित्रानं सांगितलं म्हणून तिच्यावर टूथपेस्ट चोळली, धुतली, पंख्याखाली वाळवली. चौकोन थोडे बारीक झाले. त्या गाण्यात काय होतं हे मला पुढची काही वर्षं माहीतच नव्हतं. नंतर कधीतरी रात्री केबलवर लागला तेव्हा ते गाणं पूर्ण ऐकलं, आणि आई उठून बाहेर आली की हा अंधारात उभा राहून टीव्ही का बघतोय.

सुरुवातीचा तुकडा दोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराच्या १८३५ सालच्या ऑपेरातला आहे. आवाज इन्व्हा मुला या अल्बानियन गायिकेचा. आणि मग एकदम ताल बदलतो, एरिक सेरानं लिहिलेला पुढचा भाग, सूर असे उड्या मारतात की माणसाच्या गळ्यातून सलग निघणं अवघड, म्हणून काही सूर सुटे गाऊन घेतले आणि नंतर जोडले. आणि त्याच तालावर दुसरीकडे, डीव्हाच्या खोलीत, लीलू त्या मॅंगलोर नावाच्या परग्रहावरच्या राक्षसांना एकटी लोळवत असते, इकडे तान, तिकडे लाथ, इकडे तान, तिकडे लाथ. चार-पाच मिनिटांचा खेळ. या चार-पाच मिनिटांसाठी मी गच्चीवर चादर बांधली होती. बाकीचा पिक्चर बोलण्यात गेला तरी माझी तयारी होती, खरंच होती.

तर तुम्ही काय करायचं? डीव्हानं तोंड उघडलं की फोन घ्यायचा. स्पीकरवर घ्यायचा, कारण हाताला गराडूचं तेल आहे. पलीकडे प्लॉटवाला पाहिजे. "हां बोलो भिया. सुपर कॉरिडॉर वाला? कार्नर का है क्या? नी नी, रोड कितने फुट का है वो बताओ पेले." डीव्हा वर चढतेय, प्लॉटवाला खाली यायला तयार नाही. मी हातानं खूण केली. साडूभाऊंनी मलाच हातानं थांब म्हणून खूण केली. मग फोनवर हात ठेवून बायकोला, "जीरावन मसाला आहे का गं अजून?" फोन संपला. ताल बदलला होता, लीलूची पहिली लाथ बसली होती, मला वाटलं चला, निदान अर्धं तरी मिळालं. आणि साडूभाऊंनी सतरंजीवरचा रिमोट उचलला, म्हणाले "हे आ आ फार लांबलंय रे, मेन फाइट लाव", आणि दहा-दहा सेकंद, दहा-दहा सेकंद, टक टक टक टक, पुढे. गाणं संपलेलं. डीव्हा रक्तात पडलेली. "अरे, ही मेली? कशी काय?"

टूथपेस्ट चोळायला जागा तरी पाहिजे.

मी रिमोट घेतला. काही बोललो नाही. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि गराडू आणायला खाली गेली, म्हणजे तिला कळलं होतं.

हां, एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. बायकोची आत्या आली होती. वय ७८. शाल डोक्यावरून घेऊन खुर्चीत बसली होती, मला वाटलं झोपली. पिक्चरच्या शेवटी ते चार दगड मांडतात ना, पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, आणि मधोमध पाचवी लीलू, आणि मग हिरो तिला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे आणि तेव्हा कुठं जग वाचतं. आत्या म्हणाल्या, "पाचवं आकाश असतं. हे प्रेम कुठून काढलं यांनी?" वीस-पंचवीस वर्षं मी हा पिक्चर बघतोय आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता! पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. पहिलीतलं पोरगं सांगेल. काय उत्तर देणार? अजून नाही माझ्याकडे. पण हे बोलायचा हक्क त्यांना होता, कारण त्या बघत होत्या. बसून, पूर्ण, चष्मा पुसून.

तेवढंच तर मागणं आहे राव! तुम्हाला पिक्चर आवडावा असं कोण म्हणतंय? नाही आवडला, नका आवडू. फ्रान्सच्या कान फिल्म महोत्सवात हाच पिक्चर पहिल्या दिवशी दाखवला होता, तेव्हाही कित्येकांनी नाकं मुरडली, त्यांनी निदान बघून मुरडली. बेसाँ सोळा वर्षांचा असताना त्याच्या डोक्यात ही गोष्ट आली, पिक्चर आला तेव्हा तो ३८ चा होता, बावीस वर्षं एक माणूस असला रंगीबेरंगी वेडेपणा सांभाळतो आणि तुम्हाला १२६ मिनिटं सांभाळवत नाहीत? नाटकाला तीन-तीन तास बसता ना? तिथं मोबाइल वाजला तर मागे वळून डोळे वटारणारे तुम्हीच ना? मग माझ्या गच्चीवर काय होतं? तिकीट नाही म्हणून? इंग्रजी म्हणून? की त्याला काय कळतंय, नळ्यावाल्या निळ्या बाईचं गाणं बघतो, म्हणून? एखादा माणूस त्याच्या आवडीची गोष्ट तुम्हाला घरी बोलावून, तळून, वाढून दाखवतो, आणि तुम्ही ती फॉरवर्ड करता. रिमोट दुसऱ्याच्या घरातला असतो हो! लाज नाही वाटत? सासऱ्यांनी लग्नाची व्हीसीडी लावली होती तेव्हा साडेतीन तास बसलात, हात जोडून बसलात, तेव्हा नाही म्हणालात मेन फाइट लाव.

आणि हो, "मजा आली भिया, परत कधीतरी बोलाव" असा मेसेज टाकू नका. काल आलाय. अंगठ्यासकट.

आत्याबाईंचा सकाळी फोन होता. म्हणाल्या, त्या निळ्या बाईचं गाणं मध्येच तुटलं, तिची तान मला पूर्ण ऐकायचीय, श्वास कुठं घेते बघायचंय. रविवारी परत चादर बांधतोय. एकच खुर्ची टाकणार आहे, आणि मी सतरंजीवर. गराडू नाहीत. साडूभाऊ, तुम्ही सुपर कॉरिडॉरला जा, तो कॉर्नरचा प्लॉट बघून घ्या, रस्ता किती फुटी आहे ते मोजून या.